आक्काची हरणी

आक्काचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला जरा थांबावं लागतं. पाठ मात्र लगेच डोळ्यांपुढे येते. मागे घट्ट खोचलेला काष्टा, खांद्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं, मानेवर सुपारीएवढा अंबाडा आणि मागे न बघता धरलेला घोडीचा कासरा. बोलायचं असलं तरी ती वळत नसे. पुढे तोंड करूनच बोलायची आणि तिचं बोलणं घोड्यांच्या रांगेवरून मागे आमच्यापर्यंत यायचं. लग्न होऊन आल्यावर पहिल्या हंगामात मी आक्काच्या पाठीशी जेवढं बोलले, तेवढं नवऱ्याच्या तोंडाशी बोलले नसेन.

ती माझी थोरली जाऊ. समोर सगळे तिला आक्का म्हणत आणि माघारी घोडीआक्का. कळंबला आमचं घर होतं, थोडी जिरायती जमीन होती. पण नव्वद सालानंतरही आमच्या घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर घालून घाट उतरायचा, कोकणात भाताच्या रिकाम्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. पुरुष मेंढरं घेऊन डोंगराच्या कडेकडेनं चारत जात. आम्ही बायका घोडी, पोरं, कोंबड्या आणि भांडीकुंडी घेऊन पाऊलवाटेनं पुढच्या तळावर जात असू. आक्काचे मालक तात्या म्हणजे आमचे कारभारी. ते सकाळी फक्त तळाचं नाव सांगत. तिथं कसं पोचायचं, कुठं थांबायचं, कुठला ओढा टाळायचा हे सगळं आक्काचं राज्य. त्यात तात्यांनी तोंड घातलं तर ती उत्तरही देत नसे.

मी पिंपळीची. माझ्या वडलांनी मेंढरं कधीच विकली होती आणि भेंडी-टोमॅटो लावायला सुरुवात केली होती. घरामागून कॅनॉलचा फाटा वाहायचा. त्यामुळे मला पोहता यायचं आणि चालता यायचं नाही, असं आक्काचं मत होतं. पहिल्या आठवड्यात माझ्या टाचांना फोड आले तेव्हा तिनं बिब्ब्याचं तेल लावलं आणि म्हणाली, "पाटाची पोरगी ती. पाणी दिलं तर वाढंल, चालवली तर सुकंल." मला राग आला होता. पण तेल लावताना तिनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला होता, हेही मी विसरले नाही.

आक्काची घोडी म्हणजे हरणी. तांबड्या अंगाची, कपाळावर पांढरा टिळा, पोटाला जरा सुटलेली. बाकीच्या घोड्यांना आक्का शिव्या द्यायची, हरणीला कधीच नाही. सकाळी ओझं चढवताना ती हरणीच्या कानाशी सतत काहीतरी पुटपुटत असे. एकदा मी जवळ जाऊन ऐकलं. मला वाटलं होतं देवाचं काही असेल. तर आक्का तिला घरातल्या कुरबुरी सांगत होती. तात्या रात्री कसे घोरले, मधल्या जाऊबाईंनी मीठ किती सांडलं, आणि "आपली धाकटी आज पुन्ना रुसलीया." हरणी कान मागे करून ऐकत होती. माझं रुसणं घोडीला कळवलं गेलं म्हणून मी दिवसभर खरोखरच रुसले.

आमच्यात एक रीत होती. बिऱ्हाडातलं सगळ्यात धाकटं लेकरू पुढच्या घोडीवर जायचं. आधी खोगीर, मग धान्याची पोती, मग पालांचं कापड, मग वाकळा. वाकळांच्या मधे खळगा करायचा, त्यात लेकरू बसवायचं आणि दोराचा एक फेरा त्याच्या कमरेवरून घ्यायचा. शेजारी कोंबड्यांचं डालगं. माझी चिमी झाली आणि ती चालायला लागायच्या आधीच तिच्यावर ही पाळी आली. मी म्हटलं, मी कडेवर घेईन. आक्कानं पोरगी माझ्या हातातून घेतली आणि हरणीवर चढवली. म्हणाली, "तुज्या कडंवर ती रडती. हरणीवर झोपती. लेकराला कळतं ते तुला कळंना व्हय?" आणि खरंच, हरणी चालायला लागली की चिमीची मान कलंडायची. घोडीच्या चालीची तिला इतकी सवय झाली की तळावर मुक्काम असला की पोरगी झोपेना.

माझा जीव हरणीवर बसला तो माळेगावच्या रस्त्याला. उसाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. कारखान्याकडे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागलेली. एका ट्रॅक्टरवाल्यानं आमच्याजवळ आल्यावर मुद्दाम टेप मोठा केला आणि भोंगा वाजवला. मागची दोन घोडी उधळली, मधल्या जाऊबाईंचा संसार रस्त्याच्या चारीत सांडला. चिमी हरणीवर होती. हरणी मात्र जागची हलली नाही. ट्रॉली अंगाला घासून गेली तशी तिनं लोंबणाऱ्या उसाचं एक वाढं ओढून घेतलं आणि शांतपणे खायला लागली. आक्कानं ट्रॅक्टरवाल्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं हरणीचं तोंड पदरानं पुसलं, जणू घोडीलाच घाम फुटला होता.

हे सगळं देशावरचं. इथवर आक्का हसायची, चिडवायची, वाटेत ओळखीची बाई भेटली की विडा खात बसायची. पण घाटाच्या अलीकडे एक खोरं लागायचं आणि तिथं आक्का वेगळी व्हायची. चारी बाजूंनी डोंगर, मधे वाडग्यासारखा खोल भाग आणि त्यात गच्च जंगल. वाट एवढी अरुंद की ओझ्याच्या दोन्ही बाजूंना फांद्या घासत. सकाळचे कितीतरी तास तिथं ऊन पोचत नसे. आक्का त्या खोऱ्याला नावानं कधी बोलवत नसे. नुसतं "खड्डा" म्हणायची. "ह्या खड्ड्यात दिस उगवत न्हाय. वरनं सांडतो, तेवढाच आपला." खिंडीत पोचलो की ती कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून खाली जंगलाच्या दिशेनं उधळायची, आणि तिथून पुढे कुणी मोठ्यानं बोललेलं तिला चालत नसे. का, असं मी एकदा विचारलं. तिनं पुढे बघतच सांगितलं, "हितं आपुन पाव्हणं. पाव्हण्यानं घर जागं करू न्हाय."

मला तिथं कधीच बरं वाटलं नाही. झाडांच्या बुंध्यांना शेवाळ, पायांना जळवा, आणि एखादा पक्षी अचानक ओरडून गप्प झाला की सगळ्या घोड्यांचे कान एकाच बाजूला वळायचे. आपल्याला काही दिसत नाही आणि घोड्यांना दिसतं आहे, याच्याइतकं वाईट काही नाही. एका दुपारी आमचा कुत्रा रांगेच्या मागून नाहीसा झाला. ओरडलासुद्धा नाही. मागे वळून पाहिलं तर वाटेवर फक्त त्याच्या गळ्यात बिबट्याच्या भीतीनं घातलेला काट्यांचा पट्टा पडलेला. मी रडायला लागले. आक्का म्हणाली, "हितं न्हाय. भाईर निगाल्यावर रड." तिसऱ्या दिवशी घाट उतरून कोकणातल्या पहिल्या गावात पाण्यावर थांबलो, तेव्हा आक्का एका दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली. कुत्र्याचं मी तोवर विसरलेही होते.

खोऱ्याच्या तळाशी एक वाडी होती. पंधरा-वीस घरं, एक देऊळ, एक मोठं आंब्याचं झाड. वाडीच्या अलीकडे भाताची खाचरं आणि त्यांच्या मधून दगड रचून उंच केलेली वाट. एका वेळी एकच घोडं जाईल एवढी. मधे ओढा आणि पलीकडे चढ. तिथली माणसं आमची वाट बघत असायची. मेंढरं शेतात बसवायला बोलवायची, तांदूळ द्यायची. एक म्हातारी हरणीसाठी दरवर्षी नाचणीची भाकरी ठेवायची. ओढा ओलांडला की हरणीची चाल आपोआप वाढायची.

पहिल्या वर्षी त्याच वाटेवर धुकं आलं होतं. माझाच हात मला दिसेना. मी घाबरून थांबू या म्हणाले. आक्कानं कासरा हरणीच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि तिला मोकळी सोडली. "धुक्यात मी आंधळी, तू आंधळी. तिचं पाय आंधळं न्हाईत. घंटा आईक आन् गप चाल." हरणीच्या गळ्यातल्या पितळी घंटेमागून आम्ही सगळ्या चाललो आणि सरळ म्हातारीच्या अंगणात जाऊन उभ्या राहिलो. त्यानंतर दरवर्षी धुकं आलं की आक्का हेच करायची आणि दरवर्षी आम्ही भाकरीपाशी पोचायचो. घोडी चुकत नाही, हे आक्काचं ठाम मत होतं. पुढे पुढे ते माझंही झालं.

त्या खोऱ्यात धरण होणार, अशी बोली माझ्या लग्नाच्या आधीपासून होती. वाडीतली माणसं दरवर्षी सांगायची, पुढच्या साली पाणी येणार, आम्ही उठणार. आणि दरवर्षी आम्ही गेलो की ती तिथंच असायची. आक्का त्यांना हसायची. मग एका जेठात कोकणातून परत येताना पाहिलं, तर माणसं घरांचे वासे उतरवत होती. कौलं रचून ठेवलेली, दारं चौकटीसकट काढलेली. म्हातारी अंगणात बसून होती. तिनं हरणीला भाकरी दिली आणि आक्काला म्हणाली, आता यंदा आम्ही नाही. खिंड चढताना मधल्या जाऊबाई म्हणाल्या की पुढच्या खेपेला दुसरी वाट धरावी. आक्काची पाठ म्हणाली, "माणसं उठली म्हनून वाट उठती व्हय?"

त्या पावसाळ्यात हरणीला शिंगरू झालं. आईसारखंच तांबडं. श्रावणात कळंबच्या गोठ्यात जन्मलं आणि दिवाळीपर्यंत नुसतं टणाटणा उड्या मारत होतं. आक्काला त्याचं केवढं कौतुक. शेजारणी नातू बघायला आल्यासारख्या यायच्या आणि ती त्यांना गूळ द्यायची. दिवाळी झाली, आम्ही निघालो. नीरेच्या काठाकाठानं, माळेगाववरून, नेहमीसारखे. चिमी तेव्हा दोन वर्षांची होत आली होती. पुन्हा हरणीवरच, कारण तिच्यामागून बिऱ्हाडात दुसरं लेकरू झालेलं नव्हतं.

खिंडीत पोचलो ती संध्याकाळ होती. खाली धुकं भरलेलं. दरवर्षी त्या वेळी वाडीतल्या चुलींचा धूर वर येताना दिसायचा, कुत्री भुंकायची. त्या दिवशी काहीच नाही. आम्ही उतारावरच तळ टाकला. पुरुष मेंढरं घेऊन वरच्या कड्याच्या बाजूनं गेले होते, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडे भेटणार होते. सकाळी उठले तर मला एक वास आला. माझ्या माहेरी कॅनॉलचं आवर्तन बंद झालं की फाट्यात साचलेल्या पाण्याला येतो, तसा. कुजलेल्या पाल्याचा, जड. मी आक्काला सांगितलं. ती हरणीच्या पोटाखालून दोर ओढत होती. म्हणाली, "तुला काय गं, सगळीकडं पाणीच वास मारतं." पण ओझं चढवताना त्या दिवशी ती हरणीशी एक शब्द बोलली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

शिंगरू अरुंद वाटेत आईच्या पायात येतं म्हणून आक्कानं त्याचा दोर माझ्या हातात दिला. माझं लेकरू हरणीच्या पाठीवर आणि हरणीचं लेकरू माझ्या हातात, अशा आम्ही निघालो. झाडीतून खाली उतरताना धुकं इतकं दाट झालं की पुढच्या घोड्याचं शेपूटही दिसेना. आक्कानं नेहमीप्रमाणे कासरा गुंडाळला आणि हरणीला सोडली. घंटा पुढे गेली. तिच्यामागे आक्का, मग मी, मग मधल्या जाऊबाई आणि बाकीची घोडी. बराच वेळ घंटा एकसारखी वाजत होती. मग घंटेबरोबर दुसरा एक आवाज यायला लागला. कुणीतरी पाण्यात कपडे खळबळावे तसा.

आक्का थांबली. मागची घोडी फुरफुरली आणि पाय रोवून उभी राहिली. घंटा मात्र पुढे पुढे जात होती. मी दोन पावलं टाकली आणि माझा पाय थंड पाण्यात गेला. जिथं खाचरं असायला हवी होती तिथं पाणी होतं. किती, कुठवर, काही दिसत नव्हतं. मग चिमी जागी झाली. तिचं रडणं ऐकू आलं ते पुढून, पाण्याच्या मधून.

मी ओरडणार तेवढ्यात आक्का वळली. इतक्या वर्षांत वाटेवर ती पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलली. तिनं माझा दंड धरला होता आणि आवाज अगदी हळू होता. "हाक मारू नगंस. तू हाक मारलीस तर पोरगी उठून बसंल. आन् शिंगरानं हाक मारली तर घोडी वळंल. तितं वळाया जागा न्हाय. वळली की गेली." मी म्हटलं, मला पोहता येतं, मी जाते. ती म्हणाली, "घोडी तुला वळखती का? मला वळखती." तिनं खांद्यावरचं घोंगडं काढून शिंगराच्या डोक्यावर टाकलं, त्याची टोकं माझ्या हातात दिली आणि पाण्यात शिरली. आक्काला पोहता येत नव्हतं. घरच्या विहिरीतही ती कधी वाकून बघत नसे.

त्यानंतरचं मला फक्त कानांनी माहीत आहे. पुढे माझी पोरगी "आये, आये" करून रडते आहे आणि मी तोंडात पदर कोंबून उभी आहे. घोंगड्याखाली शिंगरू थरथरतं आहे, त्याचं नाक मी छातीशी दाबून धरलं आहे. आणि धुक्यातून आक्काचा आवाज. ती हरणीला घरातल्या गोष्टी सांगत चालली होती. तात्या काल कसे चिडले. डालग्यातली कोंबडी खुडूक बसली. धाकटी आज रुसली नाही. आवाज लांब गेला, एका जागी थांबला. घंटाही थांबली. दोर कापल्याचा करकर आवाज आला. कमरेचा विळा तिच्याजवळ कायम असे. मग कोंबड्यांचा कलकलाट, काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज, आणि शांतता. ती शांतता आजही माझ्या अंगावर येते. मी देवाचं नाव घेतलं नाही, काही नवस बोलले नाही. मला एवढंच वाटत होतं की पोरीनं परत रडावं.

ती रडली. आणि रडणं जवळ यायला लागलं. आक्का धुक्यातून बाहेर आली तेव्हा छातीपर्यंत भिजलेली होती आणि चिमी तिच्या खांद्यावर पोत्यासारखी होती. मी पोरीला घेतलं आणि मला बाकीचं जग उरलं नाही. आक्का मात्र तशीच परत फिरली, हरणीला आणायला. तोवर घंटा पुन्हा वाजायला लागली होती, पुढच्या दिशेनं. ओढा ओलांडला की वाडी आहे, वाडीत भाकरी आहे, हे हरणीला ठाऊक होतं. आक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून ऐकत राहिली. घंटा लांब गेली, पाणी जोरात खळबळलं, मग काही ऐकू आलं नाही.

ऊन खाली यायला दुपार झाली. धुकं उठलं तसं आम्हाला कळलं की खोरंच राहिलेलं नाही. डोंगरापासून डोंगरापर्यंत पाणी. देवळाचा कळस, आंब्याचा शेंडा आणि अर्ध्यापर्यंत बुडालेली झाडं. आणि पलीकडच्या काठावर हरणी उभी. पोहून पार झाली होती. आक्कानं चिमीला सोडवताना जो दोर कापला त्यानंच एका बाजूचं ओझं आवळलेलं होतं, त्यामुळे सगळं ओझं कलंडून तिच्या पोटाखाली लोंबत होतं. ती आमच्या काठाकडे बघत होती. मधल्या जाऊबाईंनी आनंदानं दोन्ही हात वर केले, तर आक्कानं ते खाली ओढले. म्हणाली, "नगं. आपल्याला बघितलं तर येईल ती. त्या वझ्यानं पवता यायचं न्हाय आता." पुरुष संध्याकाळी वरच्या कड्यानं पलीकडे उतरतील आणि तिला धरतील, तोवर तिनं जागेवर राहावं, एवढाच उपाय होता. आम्ही तिघी झाडामागे लपून बसलो. आमच्याच घोडीपासून.

पण शिंगरू सकाळपासून उपाशी होतं. घोंगड्यात ते आता राहीना. आक्कानं त्याला ओढत वर जंगलात नेलं, जितकं लांब नेता येईल तितकं. ती दोघं दिसेनाशी झाल्यावर थोड्या वेळानं शिंगराची खिंकाळी ऐकू आली. बारीक, चिरकी. एवढीशी हाक, पण खोऱ्यानं ती घेतली आणि चारी डोंगरांवरून परत परत दिली. पलीकडे हरणीनं मान वर केली. कुठल्या बाजूला जावं हे तिला कळेना, कारण हाक सगळीकडून येत होती. मग ती पाण्याकडे आली. आम्ही दोघींनी पाहिलं. ओढ्याच्या जागेपर्यंत ती नीट आली. तिथं ओझं पाण्यानं भरलं असावं. कपाळावरचा पांढरा टिळा एकदा आमच्या दिशेला वळला, आणि मग पाणी सपाट झालं.

आक्का शिंगराला घेऊन खाली आली तेव्हा पलीकडचा काठ मोकळा होता. तिनं काठ बघितला, मग आमची तोंडं बघितली. "कुठं गेली?" मधल्या जाऊबाईंनी झाडीकडे बोट केलं. "चरत आत गेली, आक्का." एकदा हरवलेल्या कोंबडीसाठी जिनं अख्खं बिऱ्हाड दिवसभर थांबवलं होतं, ती हरणीला शोधायला गेली नाही. संध्याकाळी तात्या वळसा घालून आमच्याकडे आले, त्यांनाही तिनं काही विचारलं नाही. त्यावरून मी समजले. आम्ही खिंड चढून परत निघालो आणि डांबरी रस्त्यानं घाट उतरलो. कोकणात पोचल्यावर मी तिच्या रडण्याची वाट पाहिली. ती दगडावर बसली, पाणी प्याली आणि उठली.

पुढच्या दिवाळीला बिऱ्हाड निघालं, तेव्हा तिनं पुढच्या घोडीचा कासरा माझ्या हातात दिला आणि ती कळंबलाच राहिली. मी चिमीला कडेवर घेऊन निघाले. आक्का बघत होती, पण पोरगी तिनं माझ्या हातातून घेतली नाही. शिंगराचं तिनं काय केलं, तर काहीच नाही. त्याच्या पाठीवर कधी खोगीर पडू दिलं नाही. ते वाढलं, थोराड झालं, गोठ्यात नुसतं उभं राहून खायचं. गावातले लोक त्याला आक्काचा जावई म्हणायचे. ती हसायची, चारा टाकायची. चिमीला त्या दिवसाबद्दल कुणी सांगायचं नाही, असं मात्र तिनं आम्हाला बजावलं होतं. "लेकराच्या अंगावर कशाचं वज्जं नगं," एवढंच कारण दिलं. आम्ही तो शब्द पाळला.

मेंढरं गेली, डाळिंबं आली. आमच्याकडेही पाणी आलं. चिमी बारामतीला कॉलेजात जायला लागली तोवर आक्का खाटेला टेकली होती आणि तिचं मन कधी इथं, कधी कुठल्या तरी तळावर असायचं. एकदा चिमी मैत्रिणींबरोबर डोंगरात फिरायला गेली. परत आली ती खुशीत. कसलं मोठं धरण, काठानं जंगलातून चालायच्या वाटा, घोड्यावरून रपेट, तंबूत मुक्काम. कुठल्या घाटाजवळ, असं मी विचारलं आणि तिनं आमच्याच घाटाचं नाव सांगितलं. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. चिमी आक्काच्या खाटेवर बसून तिचे पाय दाबत सगळं सांगत होती, आणि आक्कानं डोळे उघडले.

"पल्याड घोडी व्हती का गं?"

चिमीला वाटलं, म्हातारीला घोड्यांची आवड. तिनं कौतुकानं सांगितलं, "होत्या की आक्का. पलीकडच्या काठाला चरत होत्या."

"हाक न्हाय ना मारली कुनी?"

"मारली की, सगळ्यांनी मारली. तिथं हाक मारली की चारी डोंगरांतून परत येते. भारी वाटतं." चिमी हसत होती.

आक्का उठून बसायला बघत होती. मी पुढे झाले, पण तिनं माझा हात बाजूला केला आणि चिमीचं मनगट धरलं. "मंग? आली?"

"नाही. माना वर करून बघितलं आणि परत चरायला लागल्या. कशाला येतील आक्का, मधे केवढं पाणी आहे."

आक्का बराच वेळ चिमीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची पकड सैल झाली आणि ती उशीवर टेकली. "व्हय बाई," ती म्हणाली. "मदी पानी हाय. आता कळलं तिला."

चिमीनं माझ्याकडे पाहिलं, कुणाला काय कळलं म्हणून. मी तिला म्हटलं, आक्काचे पाय दाबत राहा, आणि मी तिथंच खाटेजवळ खाली बसले.